कोण म्हणतं?

शांतावहिनींनी एकदा माझ्यासमोरच नवऱ्याला विचारलं, "भाजी कशी झालीय?"

शिंगाडे घास चावत होते. तो पुरता चावून, गिळून झाल्यावर म्हणाले, "मीठ बरोबर आहे. काही जणांना तिखट वाटू शकते."

"काही जण म्हणजे कोण? ताटावर तर तुम्ही एकटेच बसलाय."

"मला चालतंय."

वहिनी माझ्याकडं वळल्या. "बघा ताई. मला बघायला आले तेव्हाबी हेच. पोरगी पसंत आहे का म्हणून माझ्या मामानं विचारलं, तर म्हणाले, हरकत नाही. त्या हरकत नाहीवर आजपर्यंत संसार चाललाय."

शिंगाडे हसले आणि त्यांनी भाजी परत वाढून घेतली. पण चांगली झालीय असं काही म्हणाले नाहीत.

मी बजाजनगरात राहायला आले तेव्हा नारायण शिंगाड्यांचं दार माझ्या दारासमोर होतं. वाळूजच्या एका कारखान्यात ते माल तपासायचे. मशीनवरून उतरलेला भाग मापात बसतो का बघायचं. बसला तर पुढं, नाही तर बाजूला. त्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. मी एका दैनिकाच्या शहर पानावर काम करते. माझा स्वभाव म्हणाल तर रस्त्यात दोन माणसं भांडताना दिसली, तरी घरी पोचेपर्यंत मी त्यातल्या एकाची बाजू घेतलेली असते. भांडण कशावरून होतं ते ठाऊक नसलं तरी अडत नाही. अशा बाईला नेमका असला शेजारी मिळाला.

त्यांची पहिली चुणूक मला पाण्याच्या भांडणात दिसली. तळमजल्यावरच्या गायक्यांनी नळाला मोटार लावली होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या डोईफोडे काकूंच्या टाकीत पाणी चढेना. गच्चीवर सगळे जमले, आवाज चढले. मी अर्थातच काकूंच्या बाजूला जाऊन उभी राहिले होते. तेवढ्यात शिंगाडे पुढं आले आणि म्हणाले, "गायके, तुमचं म्हणणं मी सांगतो. चुकलं तर थांबवा."

आणि त्यांनी गायक्यांची बाजू अशी मांडली की गायक्यांनाही ती तशी मांडता आली नसती. म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, धुण्याचा ढीग, कमी दाबाचं पाणी, दोन्ही पोरं कामावर. गायके खाली बसले. "व्हय, हेच तर म्हणतोय मी कवाचं," म्हणाले. मग शिंगाडे काकूंकडं वळले आणि त्यांचं म्हणणं सांगायला लागले. काकूंनी मध्येच थांबवून दुरुस्ती केली, ती त्यांनी मान हलवून घेतली आणि परत पहिल्यापासून सांगितलं. दोघांचंही पुरतं सांगून झालं तेव्हा ओरडायला कोणापाशी काही उरलंच नव्हतं. मोटारीची वेळ ठरली, लोक खाली उतरले.

मी मात्र फणफणले होते. जिन्यात त्यांना गाठून विचारलं, "पण चूक कोणाची होती?"

"ते मी कुठं म्हणलं?" शिंगाडे म्हणाले आणि चपला काढून घरात गेले.

कारखान्यातले त्यांचे जोडीदार सय्यदभाई सुटीच्या दिवशी यायचे. त्यांनाही हा स्वभाव सोसत नसे. "शिंगाडेभाई, हां बोलो नहीं तो ना बोलो. ये बीच में काय कू लटकते तुम?" असं एकदा ते वैतागून म्हणाले. शिंगाड्यांनी त्यांच्यासमोर चहा ठेवला. "बीच में नहीं, भाई. दोनों तरफ जा के आया, इसलिए देर लगी."

इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा एक ज्ञानकोश आहे. कोणीही त्यात लिहावं, कोणीही दुसऱ्याचं लिहिलेलं खोडावं. पगार नाही, मान नाही, नाव तर नाहीच. शिंगाड्यांची लेक नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरी राहिला आणि शिंगाडे त्या ज्ञानकोशात शिरले. सुरुवात लासूर स्टेशनपासून झाली. लहानपणी बापाबरोबर ते तिथल्या बाजाराला जायचे, म्हणून सहज तो लेख उघडला. त्यात कोणीतरी लिहून ठेवलं होतं की इथला बाजार आशिया खंडात सगळ्यात मोठा आहे. शिंगाड्यांनी स्वतःशीच विचारलं, कोण म्हणतं? आणि ते वाक्य काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी वाक्य परत जागेवर. त्यांनी परत काढलं, ते परत आलं. मग त्यांना कळलं की प्रत्येक लेखामागं एक चर्चेचं पान असतं, भांडायचं ते तिथं भांडायचं. समोर लासूरचाच एक व्यापारी होता. शिंगाड्यांनी आपलं म्हणणं लिहिलंच नाही. आधी त्या व्यापाऱ्याचंच म्हणणं लिहिलं: बाजार जुना आहे, लांबलांबून माल येतो, लोकांना त्याचा अभिमान आहे. हेच ना तुमचं? तो म्हणाला, हेच. मग शिंगाड्यांनी विचारलं की यात आशिया कुठं आलं? व्यापाऱ्याला हसू आलं असावं, कारण आशिया गेलं आणि दर हंगामाला शिंगाड्यांच्या घरी लासूरहून कांद्याचं पोतं यायला लागलं. ते पोतं जिन्यात ठेवून शिंगाडे सगळ्या मजल्यांवर कांदे वाटायचे.

त्या ज्ञानकोशाचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे तटस्थ दृष्टिकोन. आपण कोणाच्याच बाजूनं बोलायचं नाही. कोण काय म्हणतं ते सांगायचं आणि त्याला छापील आधार द्यायचा. इतरांना हा नियम पाळावा लागत असेल, शिंगाड्यांना तो बाळगुटीतूनच मिळाला होता. फरक एवढाच की घरात, कारखान्यात ज्यासाठी शिव्या खाव्या लागत होत्या, त्यालाच तिथं नियम म्हणत होते. माणूस खुलला. चष्म्याचा नंबर वाढला, पण खुलला.

शहराच्या नावावरून आमच्याकडं चहाच्या टपरीवरसुद्धा माणसं हमरीतुमरीवर येतात. शिंगाड्यांना कोणी डिवचलं तर म्हणायचे, "लिहिताना सरकारी कागदावर असेल ते आणि आधी काय होतं ते. बोलताना समोरच्याच्या तोंडात असेल ते. मला स्टँडवर पोचायचं असतं." यावर दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्यावर सारखेच चिडायचे. ते त्यांना योग्य लक्षण वाटायचं.

विशेषणांशी तर त्यांचं हाडवैर होतं. माझी बातमी छापून आली की संध्याकाळी दार वाजायचं. "ताई, भव्य मिरवणूक म्हणजे किती माणसं?" मी म्हणायची, "अहो, सगळेच भव्य लिहितात." ते म्हणायचे, "मग या शब्दानं काय कळलं?" मला असा राग यायचा की दार लावून घ्यावं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात भव्य हा शब्द लिहिताना हात अडखळायचा, हेही खरंच.

एकदा एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता त्यांचा पत्ता काढून घरी आला. गळ्यात जाड साखळी, हातात दोन मोबाइल. आमच्या साहेबांच्या लेखात कार्यसम्राट हा शब्द टाकायचा, एवढंच त्याचं काम होतं. मी तेव्हा वहिनींकडं दही लावायला विरजण मागायला गेले होते. विरजणाची वाटी हातात धरून तशीच उभी राहिले.

"कोण म्हणतं?" शिंगाड्यांनी विचारलं.

"सगळेच म्हणतात की."

"सगळ्यांपैकी एकाचं तरी छापलेलं दाखवा."

त्यानं मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो दाखवला. चौकातला, दोन मजली. "छापीलच हाय ना ह्ये?"

"छापील आहे. पण छापलं कोणी? तुम्हीच. आपल्या माणसानं आपल्याविषयी म्हणलेलं तिथं मोजत नाहीत. माझ्यासाठीही तोच नियम आहे."

कार्यकर्ता जरा गरम झाला. शिंगाड्यांनी त्याला पाणी दिलं आणि त्याच्या साहेबांनी काय काय कामं केली ते शांतपणे विचारून घेतलं. त्यातल्या ज्या रस्त्याची आणि ज्या वसतिगृहाची बातमी पेपरात होती, ती त्याच्यासमोर लेखात घातली. मग म्हणाले, "असं लिहू का? समर्थक त्यांना कार्यसम्राट म्हणतात."

कार्यकर्त्याचा चेहरा फुलला. "समर्थक म्हणजे आम्हीच की वो." चहा पिऊन, वहिनींच्या पाया पडून तो गेला. मी इतकी हसले की विरजण सांडलं. शिंगाड्यांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "खरंच म्हणतात ना ते," एवढंच म्हणाले.

आपल्या माणसानं म्हणलेलं मोजत नाहीत, हे वाक्य त्यांच्यावरच उलटेल असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

शिंगाड्यांचं गाव पिशोरच्या पुढं, डोंगराच्या कडेला. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथं अजून दोन तट आहेत आणि मला अधूनमधून त्या रस्त्यानं जावं लागतं. घर पिढीजात मेंढरं राखणाऱ्यांचं. थोरले भाऊ म्हादूदादा अजून मेंढरं राखतात, थोडी शेती करतात. कारखान्यातून निवृत्त झालं की दादाशेजारी दोन खोल्या टाकायच्या आणि उरलेले दिवस तिथं काढायचे, हे शिंगाड्यांचं पक्कं ठरलेलं होतं. आपल्या मनातलं ते कधी बोलायचे नाहीत, पण या दोन खोल्यांविषयी बोलायचे. खिडकी कुठल्या बाजूला ठेवायची यावर वहिनींशी वाद घालायचे. त्या एका वादात तर ते चक्क एक बाजू धरून बसायचे.

गावाच्या वर एक पाझर तलाव आहे, बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी रोजगार हमीवर खणलेला. पाटलांचं घर म्हणतं, तलाव आमच्या वडिलांचा; जमीन त्यांनी दिली, अर्ज त्यांनी केला. शिंगाड्यांचं घर म्हणतं, जागा दाखवली आमच्या बापानं. बिराजी शिंगाडे मेंढरं घेऊन त्या दरडीत फिरायचे आणि तिथलं गवत उन्हाळ्यातही पुरतं वाळत नाही हे त्यांनी बघून ठेवलं होतं. ते पाटलांना तिथवर घेऊन गेले. तेव्हा म्हादूदादा बापाबरोबर होते. दहाबारा वर्षांचं पोर असतील, पण सगळं बघितलेलं. नारायण त्या वेळी चारपाच वर्षांचा, आईपाशी घरी.

गावावरचा लेख ज्ञानकोशात आला तेव्हा तलाव पाटलांनी बांधला असं त्यात होतं. खाली आधार होता, गावच्या शाळेची जुनी स्मरणिका. म्हादूदादांच्या मुलानं, नवनाथनं, ते वाचलं आणि त्यात आपलं वाक्य घातलं: थोर मेंढपाळ कैलासवासी बिराजी शिंगाडे यांच्या दूरदृष्टीमुळे हा तलाव झाला. पाटलांच्या घरातून कोणीतरी ते खोडलं. नवनाथनं परत घातलं. खोडाखोड वाढली आणि ज्ञानकोशातल्या इतर लोकांनी, त्यांना काही ठाऊक नसताना, नेमकं शिंगाड्यांनाच विचारलं, तुम्ही त्या भागातले आहात, जरा बघता का?

तिथं एक रीत आहे. ज्या विषयाशी आपलं नातं आहे त्याला हात लावायचा नाही. नातं आहे हे उघड सांगायचं आणि बाजूला व्हायचं. शिंगाड्यांनी चर्चेच्या पानावर लिहिलं, बिराजी शिंगाडे माझे वडील, म्हणून मी लेखात काही बदलणार नाही. इथं थांबले असते तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांनी पुढं लिहिलं की त्यांच्याविषयीच्या वाक्याला छापील आधार मला तरी ठाऊक नाही. कोणी विचारलं होतं का? बाजूलाच होणार होता ना माणूस? मी हे त्यांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "ठाऊक असून गप्प बसलो असतो तर ती पण बाजूच झाली असती."

कोण्या तिसऱ्यानं ते वाक्य काढून टाकलं. नवनाथनं बापाला वाचून दाखवलं की काकानंच असं असं लिहिलंय. त्या संध्याकाळी म्हादूदादांचा फोन आला. मी वहिनींबरोबर शेंगा सोलत बसले होते. दादा फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतात की स्पीकर लावायची गरज पडत नाही.

"तिथं मी व्हतो, नारायण. माझ्या डोळ्यानं बघितलं."

"मला ठाऊक आहे, दादा."

"मग?"

"मी मानतो ते. पण माझं मानणं तिथं चालत नाय. छापील लागतं."

"आपल्याकडं छापील काय असणार? मेंढरं छापतात व्हय?" मग म्हणाले, "पाटलाच्या कागदावर तुझा इस्वास, अन् माझ्या डोळ्यावर नाय. आपल्या आबाचं नाव त्यात येत नाय तवर इकडं येऊ नको. खोल्याबी बांधू नको."

शिंगाड्यांनी फोन खाली ठेवला आणि परातीतल्या शेंगा सोलायला घेतल्या. सोललेले दाणे टरफलांत टाकत होते. वहिनींनी परात काढून घेतली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

माझं डोकं भडकलं. कागद नाही म्हणून बाप नाही, हा कुठला न्याय? ज्यांच्याकडं शाळा, स्मरणिका, छापखान्याची ओळख, त्यांचंच खरं? मी त्यांना सरळ सांगितलं, "उद्याच्या उद्या मी बिराजींवर बातमी करते. म्हादूदादांची मुलाखत घेते, फोटो टाकते. छापून आलं की तुमच्या त्या ज्ञानकोशाला आधार मिळाला."

 शिंगाड्यांना मोह झाला नसेल असं मी म्हणणार नाही. बोटं टेबलावर सारखी फिरत होती.

"तुम्हाला हे कोणी सांगितलं? मी. छापणार कोण? तुम्ही. मग मी तिथं जाऊन म्हणणार, बघा, पेपरात आलंय. ताई, हे माझंच बोलणं फिरून माझ्याकडं आलं. चौकातल्या फ्लेक्समध्ये आणि यात काय फरक?"

"फरक हा की हे खरं आहे."

"तो कार्यकर्ताही तेच म्हणत होता."

"तुमचा तो नियम चुकीचा आहे," मी म्हणाले.

"असेल," ते म्हणाले. "आमच्यासारख्यांना तो जड जातो, हे मी तिथं लिहिलंय. त्यावर चर्चा चालू आहे. पण तो बदलेपर्यंत फक्त माझ्या बापापुरता कसा वाकवू?" त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना असं आधी कधी बघितलं नव्हतं.

पुढं काही दिवसांनी मला कामासाठी कन्नडला जायचं होतं. शिंगाड्यांनी विचारलं, पुढं पिशोरपर्यंत सोडाल का? पाटलांकडं जायचं होतं त्यांना. तलावाविषयी नवा मजकूर ते चर्चेच्या पानावर सुचवणार होते, लेखात तो दुसरं कोणी लावणार होतं. आणि सुचवण्याआधी त्यांच्या रिवाजाप्रमाणं समोरच्याची बाजू समोरच्याला वाचून दाखवायची होती. मी त्यांना वेड्यात काढलं आणि गाडी थेट गावापर्यंत नेली.

आप्पा पाटील आता म्हातारे झालेत. तलाव झाला तेव्हा कॉलेजातून सुटीला आलेले तरुण होते. स्लॅबच्या बंगल्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. "बिराजीचा नारायण ना तू? बस." शिंगाडे बसले आणि त्यांनी खिशातून कागद काढून वाचायला सुरुवात केली. पाटलांच्या वडिलांनी किती जमीन दिली, अर्ज कोणाकडं केला, मजुरांच्या जेवणाची सोय कशी केली, सगळं. एकही गोष्ट सुटली नव्हती. पाटील मान डोलावत ऐकत होते.

"दानशूर घाल मागं. दानशूर गणपतराव पाटील."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"तेच तर चालत नाही, आप्पा. तुम्ही त्यांचे चिरंजीव."

पाटलांनी भुवया वर केल्या. पण शिंगाड्यांनी तेवढ्याच शांतपणे परत पहिल्यापासून वाचलं, आणि संपल्यावर पाटील म्हणाले, "बरोबर हाय. ह्यात खोटं काय नाय." मग काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेत त्यांनी विचारलं, "आता तुझ्या बापाचं वाच."

"त्यांचं काही नाही."

"काही नाही म्हंजे?"

"छापील नाही कुठं. आणि मी त्यांचा मुलगा."

पाटील त्यांच्याकडं बघत राहिले. "म्हंजे बापाचं सोडून माझ्या बापाचं लिवायला आलास तू इथवर?"

शिंगाड्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. पाटलांनी आतल्या बाजूला चहाची हाक मारली आणि मग बोलणं पावसावर, तुरीवर गेलं.

परतताना म्हादूदादांच्या घरावरून गाडी न्यावी लागते. दादा ओट्यावर बसले होते. शिंगाड्यांनी काच खाली केली. दादांनी बघितलं, उठले, काठी घेतली आणि मेंढरांच्या वाड्याकडं चालू लागले. मागं वळले नाहीत. गावाबाहेर येईपर्यंत शिंगाड्यांनी काच वर केली नाही, सगळी धूळ आत आली.

त्यानंतर ते निवृत्त झाले. सत्कार झाला, शाल मिळाली, आणि ते घरीच राहिले. दोन खोल्यांविषयी बोलणं बंद झालं. वहिनींनी एकदा खिडकीचा विषय मुद्दाम काढून बघितला, तर म्हणाले, "कुठल्याही बाजूला चालेल." वहिनी आत जाऊन रडल्या. मी तेव्हा म्हादूदादांवर चिडले, मग शिंगाड्यांवर, मग त्या ज्ञानकोशावर. कोणाची बाजू घ्यावी हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कळेना.

गावच्या शाळेची नवी स्मरणिका निघाली ती त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. शाळेतल्या एका मास्तरांनी जुन्या लोकांच्या आठवणी गोळा केल्या होत्या, त्यात आप्पा पाटलांचीही होती. मी ती नंतर वाचली. वडिलांनी जमीन दिली वगैरे सगळं सांगून झाल्यावर पाटलांनी सांगितलं होतं की तलावाची जागा मात्र बिराजी मेंढक्यानं दाखवली, आम्ही त्याच्यामागून दरडीत उतरलो होतो, बरोबर त्याचा थोरला पोरगाही होता. आणि पुढं लगेच, की या बिराजीची मेंढरं नेहमी आमच्या तुरीत घुसत, सांगून सांगून दमलो. जुना राग काही सुटला नव्हता.

शिंगाड्यांनी तरीही लेखाला हात लावला नाही. चर्चेच्या पानावर स्मरणिकेतलं ते पान ठेवलं, नात्याची आठवण परत एकदा करून दिली आणि लिहिलं, योग्य वाटलं तर कोणी बघावं. मग वाट बघत बसले. मी रोज विचारायची, "आलं का?" ते मान हलवायचे.

ज्या संध्याकाळी ते आलं तेव्हा मी डबा परत द्यायला गेले होते. शिंगाडे गॅलरीत उभे होते, फोन कानाला. वहिनींनी मला खूण करून गप्प बसवलं. पलीकडून दादांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. इतक्या महिन्यांनी त्यांनी फोन उचलला होता.

शिंगाडे वाचत होते, लॅपटॉप कठड्यावर ठेवून. "तलावासाठी जमीन गणपतराव पाटील यांनी दिली. त्यांचे पुत्र आप्पा पाटील यांच्या आठवणीनुसार, तलावाची जागा गावातील मेंढपाळ बिराजी शिंगाडे यांनी दाखवली."

"एवढंच?"

"एवढंच."

"तुरीचं नाय घातलं?"

"ते नाय घातलं."

"ते बी खरं हाय," दादा म्हणाले. मग विचारलं, "तू लिवलं का?"

"नाय."

"मग नवनाथनं?"

"नाय दादा. कुणी लिवलं ते मला ठाऊक नाय. त्या माणसानं मला बघितलेलं नाय. आबाला तर नायच नाय."

पलीकडं नुसती मेंढरं ओरडत होती.

"परत वाच," दादा म्हणाले.

त्यांनी परत वाचलं. या वेळी बापाच्या नावाखाली बोट ठेवून.

"आता हितं येऊन वाच," दादा म्हणाले आणि फोन बंद झाला.

दोघं सकाळच्या गाडीनं निघाले. मी स्टँडवर सोडायला गेले. वहिनींनी भाकरीचं गाठोडं घेतलं होतं, शिंगाड्यांच्या काखेत लॅपटॉप. गावात नेट कधी येतं, कधी नाही, म्हणून ते पान त्यांनी कागदावरही उतरवून घेतलं होतं. पिशोरची गाडी लागली, वहिनी जागा धरायला चढल्या. शिंगाडे खाली माझ्यापाशी उभे राहिले, काहीतरी बोलायचं असल्यासारखे.

"कसं वाटतंय?" मी विचारलं. काही जणांना बरं वाटू शकतं, असलं काहीतरी ऐकायच्या तयारीतच होते मी.

"लई चांगलं वाटतंय, ताई."

इतक्या वर्षांचा सूड उगवायची संधी मी सोडणार होते थोडीच. "कोण म्हणतं?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"मी म्हणतो," शिंगाडे म्हणाले आणि गाडीत चढले.